मुशीतलं परकं सोनं

नेवेना सोनाराच्या दुकानापाशी पोचली, तेव्हा दुकानाची पाटी खाली उतरत होती.

शिडीवर एक तरुण चढला होता. दातांत एक स्क्रू, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि समोर ‘पेर्लिच, सोनार’ असं लिहिलेली जुनी लाकडी पाटी अर्धवट लोंबकळलेली. डॅन्यूब नदीवरून आलेला कोशावा नावाचा बोचरा वारा झेमुनच्या त्या अरुंद गल्लीत नुसता थैमान घालत होता आणि शिडी डुगडुगत होती. नेवेनाने काही न विचारता शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले.

“दुकान बंद झालंय,” वरून आवाज आला. स्क्रूमुळे जरा बोबडा.

“बंद झालंय, की बंद होतंय?”

तो थांबला. खाली वाकून त्याने पाहिलं. वाऱ्याने केस तोंडावर आलेली, नाक लाल झालेली एक मुलगी अगदी गंभीर चेहऱ्याने त्याची शिडी धरून उभी होती.

“त्यानं काय फरक पडतो?”

“मला पडतो. झालं असेल तर मी जाते. मग शिडी कोण धरणार ते तुम्ही बघा.”

तो हसला, आणि हसताना दातांतला स्क्रू निसटला. दगडी फरसबंदीवर टण्‌कन आवाज झाला आणि स्क्रू कुठे गेला ते दोघांनाही दिसलं नाही.

“झालं!” तो खाली उतरत म्हणाला. “बोला. काय हवंय? अंगठी मोठी करायची असेल तर दोन गल्ल्या सोडून…”

“उस्ताद गाव्रिलो पेर्लिच हवेत. प्राध्यापक स्लावेंकांनी पाठवलंय मला.”

त्याचा चेहरा बदलला. “बाबा एप्रिलमध्ये गेले.”

वाऱ्याचा एक मोठा झोत आला. “मला माहीत नव्हतं… माफ करा,” एवढंच ती म्हणाली. तिच्या कोटाच्या आतल्या खिशात काचेची एक छोटी कुपी होती आणि त्या कुपीत सोन्याचे दाणे होते. बसमध्ये सबंध वाटभर तिने त्यावर हात दाबून धरला होता. तो हात अजून तिथेच होता.

“छातीत दुखतंय का?” त्याने विचारलं.

“नाही. सोनं आहे.”

“मग आत या,” तो म्हणाला. “रस्त्यावर असं सांगायचं नसतं.”

आत धुराचा, मेणाचा आणि जुन्या कातड्याचा वास होता. त्याने गॅसवर कॉफी चढवली. त्याचं नाव वुकाशिन. अठरा वर्षांचा होईपर्यंत बापाच्या हाताखाली शिकला, मग बापाशी भांडून नदीवर गेला. अकरा वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनात हात काळे केले. बाप आजारी पडला तेव्हा आला. आता दुकान आवरून जानेवारीत पुन्हा बोटीवर जायचं होतं.

“आणि तुमचं?” तो म्हणाला. “कुपी घेऊन फिरायचं काय कारण?”

नेवेनाने सांगितलं. युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत ती इंधनघटावर काम करत होती. पांढऱ्या मिठासारखं एक चूर्ण असतं, बोरोहायड्राइड. ते कॉस्टिकच्या पाण्यात विरघळवायचं आणि योग्य धातूला भेटवायचं, की त्यातून सरळ वीज निघते. धूर नाही, धग नाही. तिला हव्या होत्या सोनं आणि तांबं यांच्या मिश्रधातूच्या तीन चकत्या, नखाएवढ्या. प्रयोगशाळेतली भट्टी जळाली होती, तिचा सुटा भाग नव्या वर्षात येणार होता, आणि नेवेनाचं अनुदान डिसेंबरअखेर संपत होतं.

“सोनंच कशाला? इतकं महाग?”

“कारण सोनं शहाणं आहे. या चुर्णाच्या एकेका कणाकडे द्यायला आठ इलेक्ट्रॉन असतात. सोनं जवळजवळ आठही काढून घेतं. प्लॅटिनम घाईघाईनं चारपाच घेतं आणि बाकीचं बुडबुड्यांत घालवतं.”

“मग अडलंय कुठे?”

“सोनं आळशी आहे.”

“बाई,” वुकाशिन कपात कॉफी ओतताना म्हणाला, “या दुकानात बसून असं बोलू नका. चार पिढ्या दुखावतील.”

तिला हसू आलं. “तांबं मिसळलं तर जरा हलेल असं वाटतंय. शहाणपण न सोडता.”

“आणि हे सगळं कुणासाठी? पाणबुड्यांसाठी?”

“माझ्या बाबांसाठी,” ती म्हणाली. मग तिलाच ते जरा भाबडं वाटलं, म्हणून तिने पुढे घाईने सांगितलं. “ते स्तारा प्लानिनाच्या डोंगरावर हवामान केंद्र सांभाळायचे. बर्फात गाडी जात नाही. तीस वर्षं पाठीवरून बॅटऱ्या नेल्या त्यांनी. आता सरळ उभं राहता येत नाही. मला असं काहीतरी करायचंय, की माणसानं खिशात टाकून डोंगर चढावा.”

वुकाशिनने कुपी उचलून उजेडात धरली. बराच वेळ तो त्या दाण्यांकडे बघत राहिला.

“एक ओतून बघतो,” तो म्हणाला. “जमली तर बाकीच्या. उद्या या.”

निघताना तिला ओट्यावर पांढऱ्या पुडीचा डबा दिसला. “हे काय?”

“टाकणखार. धातू वितळताना वर घालतात, मळ धरून ठेवतो.”

“अरेच्चा! माझ्या घटात सगळं जळून झाल्यावर शेवटी जे उरतं ना, ते याचंच भावंड.”

“म्हणजे,” वुकाशिन दार धरून म्हणाला, “तुमचं संपतं तिथे माझं सुरू होतं.”

बसमध्ये बसल्यावर नेवेनाच्या लक्षात आलं, की आपण मघापासून उगाचच खिडकीकडे बघून हसतोय.

*

पहिली चकती सुंदर होती. किंचित लालसर, तुकतुकीत, वजनाला अगदी बरोबर. नेवेनाने ती घासूनपुसून तीन तोंडांच्या काचेच्या भांड्यात उतरवली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावरची प्रवाहाची रेषा चढायला लागली… आणि चढतच राहिली.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. साध्या सोन्याच्या चौपट प्रवाह.

प्राध्यापक स्लावेंका चष्मा कपाळावर ढकलून पडद्याजवळ आल्या. त्या निवृत्तीला टेकल्या होत्या आणि सहसा कशानेही त्यांच्या भुवया हलत नसत. आज एक हलली. “दुसरी चकती कर. आणि ही तपासायला पाठव, आत नेमकं काय आहे ते कळू दे.”

तपासणीचं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं. रांग पाच आठवड्यांची होती. वसंतातल्या एका परिषदेसाठी टिपण पाठवायची मुदत मात्र दहा दिवसांवर आली होती. निकालाची वाट न बघता नेवेनाने टिपण पाठवून दिलं.

त्या दुपारी ती क्रीमच्या वड्यांचं खोकं घेऊन झेमुनला गेली. दारातूनच म्हणाली, “चौपट!”

वुकाशिन ऐरणीवर वाकला होता. त्याने मान वर केली. मग म्हणाला, “खरंच?”

“खरंच! तुमच्या हातात जादू आहे. तुमच्या बाबांना सांगायला हवं होतं.”

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हललेही. पण मग त्याने हात फडक्याला पुसले. “चला,” तो म्हणाला, “वड्या नदीवर खाऊ.”

धक्क्यावर वारा पडला होता. घरांच्या गच्च्यांवर बायका आयवार नावाच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत होत्या आणि तो गोडसर, तिखट धूर सगळ्या किनाऱ्यावर तरंगत होता. हंस काठाशी येऊन माना वर करून भीक मागत होते. वुकाशिन त्यांना नावं ठेवत होता. हा आमचा कप्तान, हा जेवायच्या वेळेला बरोबर उगवणारा, ही त्याची सासू.

“बोटीवर परत जायचंय ना जानेवारीत?” नेवेनाने विचारलं.

“ठरलं तर होतं.”

“होतं?”

तो पाण्याकडे बघत होता. “आता जरा… कळत नाही.” मग एकदम तिच्याकडे वळून म्हणाला, “तुमच्या ओठावर क्रीम आहे.”

“कुठे?”

“तिथे नाही. इकडे…” त्याचा हात उचलला गेला आणि मध्येच अडला. तिच्या गालापासून वीतभर अंतरावर. त्याच्या बोटांना धुराचा वास होता.

“उस्ताद,” नेवेना हळूच म्हणाली, “आपण आता ‘तू’वर यायचं का? क्रीम पुसायची तर ‘तुम्ही’ म्हणून कशी पुसणार?”

“नेवेना,” तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. “तुझ्या ओठावर क्रीम आहे.”

आणि त्याने ती अंगठ्याने पुसली. इतक्या हलक्या हाताने, की क्रीम अजून तिथेच आहे असं तिला बराच वेळ वाटत राहिलं.

*

दुसरी चकती चालली नाही. तिसरीही नाही.

चालली नाही म्हणजे साध्या सोन्यापेक्षा किंचित बरी, बस. पहिली घातली की रेषा आभाळाला, बाकीच्या दोन घातल्या की जमिनीवर. प्रमाण तेच, वजन तेच, भांडं तेच.

“वुकाशिन, पहिल्या वेळेला काही वेगळं केलं होतंस का?” तिने एका दुपारी दुकानात विचारलं. “काहीही. मूस वेगळी, आच वेगळी?”

तो कॉफीच्या भांड्यात चमचा फिरवत होता. “नाही,” तो म्हणाला. पुढे बघतच.

मग दोष आपलाच असणार, असं नेवेनाने ठरवून टाकलं. तिने काचेची भांडी आम्लात उकळली. कॉस्टिक बदललं. चकत्या आठआठदा घासल्या. सकाळी सातला प्रयोगशाळेत जाई आणि रोज नव्याने हरून येई. वजन घटलं, डोळ्यांखाली काळं आलं. तीन आठवडे असेच गेले. ती झेमुनला मात्र येत राहिली. तिथल्या स्टुलावर बसलं की बरं वाटे. तो कॉफी करी, ती भिंतीला डोकं टेकून बसे, आणि कधीकधी तिचे गारठलेले हात तो स्वतःच्या हातात धरून ठेवी. त्याचे हात गरम असत. आणि तो हल्ली जरा जास्तच गप्प असे.

नोव्हेंबरच्या शेवटी एके दिवशी ती आली तीच डोळे भरून.

“मी स्लावेंका बाईंना सांगणार आहे,” ती म्हणाली. “की मी हे सोडते. पहिल्या दिवशी मी काहीतरी घोळ घातला असणार आणि तो मला सापडत नाहीये. ज्या माणसाला स्वतःचा घोळ सापडत नाही त्यानं या धंद्यात राहू नये. बाबांना काय सांगू तेवढं कळत नाही…”

“नेवेना.”

“मी बारावीपासून हेच करतेय रे. आणि माझ्याच हातांत खोट…”

“नेवेना, गप्प बस जरा. तुझ्या हातांत काही खोट नाही.”

त्याने कॉफीचा गॅस बंद केला. ओट्याखालून पत्र्याची एक पेटी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तो उभाच राहिला.

“पहिल्या दिवशी ओतताना वाऱ्यानं दार आपटलं. माझा हात हलला. बाबांचा हलला नसता. तुझ्या सोन्याचा एक मोठा थेंब उडाला आणि फरशीच्या फटीत गेला. तासभर शोधला. आणि वजन तर बरोबर भरायला हवं होतं… म्हणून या पेटीतला एक तुकडा मुशीत टाकला. सोनं ते सोनं, असं म्हटलं. पण हे नुसतं सोनं नाही. लोक जुने दात आणून विकायचे बाबांना. दातांवरच्या सोन्याच्या टोप्या. त्यात काय काय असतं ते देव जाणे.”

नेवेनाने पेटीत पाहिलं. वेड्यावाकड्या, चेपलेल्या, पिवळ्याफिकट टोप्या.

“मी विचारलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तू ‘नाही’ म्हणालास.”

“हो. तू चौपट म्हणत धावत आलीस ना, तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं नाही. मग रोज ते जास्त अवघड होत गेलं.”

ती उठली. रडू पळालं होतं. त्याजागी काहीतरी थंडगार येऊन बसलं होतं.

“तीन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते. आणि तू माझे हात धरून मला कॉफी पाजत होतास.”

“नेवेना…”

“थेंब उडाला त्याचं काही नाही. थेंब माझ्याही हातून उडाला असता.” तिने कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात. “येते मी. आणि उस्ताद, पुढचं काही असेल तर तुम्ही प्राध्यापक बाईंशी बोला.”

तो ‘तुम्ही’ थपडेसारखा बसला. तिला तो बसलेला दिसला, आणि तरी ती निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवेना मनाशी शब्द जुळवत प्रयोगशाळेत शिरली, तर प्राध्यापक स्लावेंकांच्या टेबलापाशी वुकाशिन बसलेला. अंगात बापाचा असावा असा जुना, खांद्यांत सैल सूट, मांडीवर पत्र्याची पेटी. तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होता आणि बाई कागदावर काहीतरी लिहून घेत होत्या.

“ये,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “उस्तादांनी सगळं सांगितलंय. तुझ्या चकतीत कुणाच्यातरी आजोबांची दाढ आहे.”

नेवेना दारातच थांबली.

“चूक सर्वस्वी माझी आहे,” वुकाशिन बाईंना म्हणाला. नेवेनाकडे त्याने बघितलं नाही. “त्यांची नाही. परिषदेला कुणी पत्र लिहायचं असेल तर मी लिहितो. सही करतो.”

“पत्र मी लिहीन,” नेवेना म्हणाली. “टिपण माझ्या नावावर आहे.”

तो गेल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

“चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली खूप जणांनी चुका केल्या,” त्या म्हणाल्या. “काही मीच शोधून काढल्या, काही अजून छापील कागदांत सुखानं झोपल्या असतील. पण बसनं इथवर येऊन, जिने चढून, पेटी मांडीवर घेऊन कुणी आलेलं आठवत नाही.”

“पण उशिरा आला, बाई.”

“उशिरा आला,” बाईंनी मान्य केलं. “ते तुझं तू ठरव. मी फक्त धातूंचं बोलते.”

पाच दिवसांनी तपासणीचा निकाल आला. चकतीत प्लॅटिनमच्याच जातीचं पॅलेडियम होतं, थोडं प्लॅटिनमही. नेवेनाने ती चकती पुन्हा भांड्यात उतरवली आणि या वेळेला रेषेकडे न बघता चकतीकडेच बघत बसली, अर्धा तास. हळूहळू कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले. मग ते सुटायला लागले, सोडावॉटरसारखे. चौपट प्रवाह म्हणजे चौपट घाई होती. इंधन तिच्या डोळ्यांदेखत हवेत निघून चाललं होतं.

तिने परिषदेला चार ओळींचं पत्र लिहिलं: नमुन्यात भेसळ आढळली आहे, टिपण मागे घेत आहे. पाठवायचं बटण दाबण्याआधी तिने त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. दाबल्यावर मात्र, कितीतरी दिवसांनी, तिला सडकून भूक लागली.

अनुदानाचे पंचवीस दिवस उरले होते. बाई म्हणाल्या, “पाच चकत्या. पाच प्रमाणं. नव्या मुशी. आणि ओतताना तू समोर उभी राहायचं.”

“दुसरा सोनार…”

“दुसऱ्या सोनाराला मी ओळखत नाही. याला आता ओळखते.”

*

म्हणून नेवेना पुन्हा त्या दुकानात गेली. वही घेऊन.

“सुरू करा,” ती म्हणाली.

“दाराला कडी लावलीय,” वुकाशिन म्हणाला. “फरशीवर ओलं फडकं घातलंय. मूस नवी आहे. बघा.”

ती बघून वहीत लिहीत होती. तो प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मोठ्याने सांगत होता.

“आता मूस तापवतोय… आता टाकणखार, चिमूटभर… आता सोनं घालतोय, हे तुमच्याच कुपीतलं… आता तांबं… आता थांबतोय.”

“लिहिलं.”

“आता घाम पुसतोय. उजव्या बाहीनं.”

तिने लिहिलं नाही.

“आता नाक खाजतंय, पण खाजवत नाही. हात हलेल.”

ती वहीकडे बघत राहिली.

“आता फार खाजतंय.”

नेवेनाला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण ते कसलं लपतंय! ती पुढे झाली आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिने त्याचं नाक खाजवलं. त्याचे दोन्ही हात चिमट्यावर होते, निश्चल. मुशीतला धातू लाल-नारिंगी होऊन थरथरत होता आणि त्याच्या डोळ्यांत तोच उजेड पडला होता.

“ओत आता,” ती म्हणाली. “एवढी आच पुरे.”

“ओत?”

“ऐकलंस ना? ओत.”

त्याने ओतलं. एकही थेंब उडाला नाही.

सहा दिवसांत पाच चकत्या झाल्या. एका प्रमाणाने साध्या सोन्यापेक्षा दहात एक भाग जास्त प्रवाह दिला. जास्त नाही. पण अर्धा तास बघत बसलं तरी बुडबुडा नाही, आणि दहा वेळा मोजलं तरी तोच आकडा. प्राध्यापक स्लावेंकांनी तक्ता दोनदा वाचला आणि नुसतं “हं” म्हणाल्या. नेवेनाने त्या संध्याकाळी बाबांना फोन करून ते “हं” सुद्धा सांगितलं.

अहवाल देऊन झाला त्या दिवशी ती उरलेलं सोनं परत न्यायला दुकानात गेली. वुकाशिनने कुपी तिच्या हातात दिली, पण सोडली नाही. दोघांची बोटं काचेवर राहिली.

“बोटवाल्यांना कळवलंय,” तो म्हणाला. “नाही येत म्हणून. झेमुनमध्ये अजून बऱ्याच जणांच्या अंगठ्या घट्ट होतात.”

“बरं केलंस.”

“आणि… एकोणीसला सेंट निकोला. आमची स्लावा.”

कुलदैवताचा दिवस. नेवेनाने भुवई उंचावली. “बोलावतोयस?”

“स्लावेला कुणी कुणाला बोलावत नाही. तुला माहीत आहे. येणारा येतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर विचारलं.”

“मी बोलावत नाहीये,” वुकाशिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “मी फक्त तारीख सांगतोय.”

*

एकोणीस तारखेला सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. नेवेनाने तीनदा ठरवलं की जायचं नाही. एकदा बसथांब्यावरून परतही आली. तिला राग आठवत होता. तो पूर्ण गेला नव्हता, खोटं कशाला बोला. पण राग आठवायला लागला की पाठोपाठ तो सैल सूट आठवे, मांडीवरची पेटी आठवे. मला न सांगता तो बाईंकडे गेला, तिथे त्याला माझ्याकडून काय मिळणार होतं? काहीच नाही. उलट मी दारात उभी होते आणि त्याच्याशी धड बोललेही नव्हते.

दुपारी एकला, हातात वाइनची बाटली आणि पांढरी शेवंती घेऊन, तिने पेर्लिचांच्या घराची बेल वाजवली.

दार त्याच्या आईने उघडलं. काळ्या कपड्यातली, बुटकी, तरतरीत बाई. तिने नाव विचारलं नाही. मेणबत्तीपाशी नेऊन साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट पुढे केलं. नेवेनाने क्रॉसची खूण केली, चमचाभर तोंडात घातलं, आणि मगच आई म्हणाली, “बस गं पोरी. गारठलीस. माशाचं सूप घे.”

टेबलाभोवती दाटीवाटीने दहाबारा जण होते. सगळ्यांना सांधेदुखीविषयी एकाच वेळी बोलायचं होतं. वुकाशिन स्वयंपाकघरातून भाजलेल्या कार्प माशाची परात घेऊन आला, आणि तिला पाहून दारातच खिळला. परात तिरकी झाली.

“अरे सांभाळ! रस सांडतोय!” त्याचा काका ओरडला. मग नेवेनाकडे वळून, जरा मोठ्यानेच, त्याने विचारलं, “आणि ही कोण म्हणायची?”

आई उत्तर द्यायला तोंड उघडत होती. ‘गिऱ्हाईक’ म्हणेल, नेवेनाला वाटलं. किंवा ‘युनिव्हर्सिटीतल्या बाई’. तिने माशाचा घास तोंडात घातला, बोलायची वेळ येऊ नये म्हणून.

वुकाशिनने परात टेबलावर ठेवली. नीट, दोन्ही हातांनी.

“ही नेवेना,” तो म्हणाला. “माझं हिच्यावर प्रेम आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.”

चमचे थांबले. काकाचा घोट घशात अडकला. मेणबत्तीची ज्योत तेवढी हलत होती.

नेवेनाला बोलायचं होतं. पण कार्पचा एक काटा दातांत अडकला होता, बारीक आणि चिवट, आणि ती लाल होऊन तो काढायचा प्रयत्न करत होती. बारा जण तिच्याकडे बघत होते. एक म्हातारी मावशी कानामागे हात धरून पुढे झुकली होती. वुकाशिन उभा होता, हात लोंबते सोडून, पांढराफटक.

शेवटी काटा निघाला. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला.

“आणखी काही आहे का,” तिने विचारलं, “जे मला सांगितलेलं नाही?”

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, एकेक गोष्ट तपासून पाहावी तसा.

“नाही,” तो म्हणाला. या वेळेला थेट तिच्या डोळ्यांत बघून. “एवढंच राहिलं होतं.”

नेवेना जरा सरकली. बाकावर तिच्या आणि मावशीच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

“मग बस की,” ती म्हणाली. “माझंही तेच आहे. पण मी सगळ्यांदेखत नाही सांगणार.”

“काय म्हणाली? काय म्हणाली?” मावशीने विचारलं.

“बस म्हणाली त्याला,” आईने डोळे पुसत ओरडून सांगितलं, आणि ती सुपाचा आणखी एक वाडगा आणायला आत गेली.